मारुतीच्या कुठवर पाणी आले?



पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की किती क्युसेक सोडले ते वर्तमानपत्रात छापून येते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. पण नाशिककर एकमेकांना क्युसेक विचारत नाहीत. ते विचारतात, "दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं?"

रामकुंडाजवळ गोदापात्रातच ही उंच मूर्ती उभी आहे. गुडघा, कंबर, छाती, गळा अशी तिची मापे लहान मुलालाही कळतात. पाणी चढू लागले की भांडीबाजार, सराफ बाजारातले दुकानदार माल हलवायला लागतात. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर लोक आजही या मूर्तीवरूनच सांगतात. पॅरिसमध्येही असेच आहे. तिथे सीन नदीवरच्या आल्मा पुलाला एका सैनिकाचा पुतळा आहे. १९१० च्या पुरात पाणी त्याच्या खांद्यापर्यंत चढले होते.

पंचवटीत याहून जुनी एक खूण आहे, आणि ती आपल्याला जवळची वाटावी. नारोशंकर राजेबहादूर यांनी १७४७ मध्ये रामेश्वराचे मंदिर बांधले. त्याच्या नदीकडच्या प्रवेशद्वारावर टांगलेली भली मोठी घंटा पोर्तुगीजांची, वसईहून आलेली. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हाच्या विजयाची ती खूण. वसईच्या अशा घंटा महाराष्ट्रातल्या आणखीही काही मंदिरांत आहेत. ही घंटा पूर मोजायला कोणी टांगली नव्हती. तरी तिला पाणी लागले म्हणजे महापूर, असे जुनी माणसे सांगत आली. कोणाची घंटा, कोणाचे मंदिर, पण इशारा साऱ्या गावाला!

मात्र या दोन्ही खुणा जास्त पाण्याच्या आहेत. पाणी घाण झाले तर मारुतीच्या अंगावर त्याची रेघ उमटत नाही. उन्हाळ्यात पाणवेलींनी पात्र हिरवेगार होते, तेव्हा पुलावर थांबून बघणारे थोडेच. पुरासाठी जमणारी गर्दी तेव्हा कुठे असते? खरे तर गोदेला तिची चौकशी तेव्हाच जास्त हवी असते.

या आठवड्याचा अभ्यास: आपल्या घरचे सांडपाणी कुठे जाते, याची चौकशी करा. नासर्डीत की वाघाडीत? दोन्ही शेवटी गोदावरीलाच मिळतात. मुलांना सोबत घेऊन जा, आणि मारुतीच्या पायाशी आज पाण्याचा रंग कसा आहे ते त्यांनाच सांगू द्या.