‘टॅलेंट’ शब्द आला कुठून?

आजचे वाचन : मत्तय २५:१४-३०



‘तुझ्यात काय टॅलेंट आहे?’ हा प्रश्न इंटरव्ह्यूत विचारतात, कॉलेजच्या फेस्टमध्ये विचारतात, चर्चच्या युवक मेळाव्यातही विचारतात. उत्तर सुचलं नाही की वाटतं, देव वाटप करत होता तेव्हा आपण रांगेत नव्हतोच. पण हा शब्द ज्या दाखल्यामुळे आपल्या तोंडी बसला, तो दाखला वेगळंच काही सांगतो.

मूळ ग्रीक शब्द ‘टॅलंटन’. त्याचा पहिला अर्थ तराजू. मग तराजूत तोलायचं एक ठरावीक वजन, आणि पुढे तेवढ्या वजनाची चांदी, म्हणजे पैसा. लॅटिनमार्गे तो युरोपच्या भाषांत आला. मध्ययुगात ‘मनाचा कल, इच्छा’ असाही त्याचा अर्थ होता. ‘उपजत गुण’ हा आजचा अर्थ इंग्रजीत साधारण १५व्या शतकात रुजला, तो याच दाखल्यावरून. येशूचं बोलणं ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मात्र गाणं किंवा कोडिंग नव्हतं, पैशांची रास होती.

केवढी रास? एक टॅलंट म्हणजे सुमारे ६,००० दिनार. मत्तय २० मध्ये द्राक्षमळ्यातल्या मजुराची दिवसाची मजुरी एक दिनार आहे. वर्षाला ३०० दिवस काम धरलं, तर ही २० वर्षांची कमाई झाली! ज्याला ‘एकच’ मिळाला, त्याच्याही हातात एवढं होतं.

आता १५वं वचन नीट वाचा. धनी ज्याच्या-त्याच्या योग्यतेप्रमाणे देतो. म्हणजे योग्यता वेगळी आणि टॅलंट वेगळा. योग्यता दासाची, टॅलंट धन्याचा, फक्त सोपवलेला. म्हणून ‘माझ्यात काय आहे?’ यापेक्षा ‘माझ्याकडे काय सोपवलंय?’ हे विचारू या. शिक्षण, पगार, रिकामी संध्याकाळ, आपल्याजवळ मन मोकळं करणारा एखादा मित्र, ऐकलेलं शुभवर्तमान. यातलं काहीच स्टेजवर दाखवता येत नाही, पण हिशेब याचाही द्यायचा आहे.

पाचवाल्याला आणि दोनवाल्याला धनी एकाच शब्दांत शाबासकी देतो (वचने २१ आणि २३). तिथे तुलना नाही. तिसऱ्याने तर एक पैसाही बुडवला नाही, तरी तो बाहेर टाकला गेला. का? धनी कठोर आहे असं त्याने मनात धरलं आणि भीतीपोटी पैसा पुरला. निदान सावकाराकडे ठेवला असता तरी चाललं असतं, असं धनी म्हणतो. इतकं छोटं पाऊलही त्याने टाकलं नाही.

‘माझं काय, थोडंसंच आहे’ म्हणून तुम्ही काय पुरून ठेवलंय? आज ते एकदा उकरून काढा.

प्रार्थना : प्रभू, तू सोपवलेलं मी माझं समजलो, नाहीतर कमी समजलो. माझी भीती काढ. जे हातात आहे, ते आज तुझ्यासाठी वापरायला शिकव. आमेन.