बंडीचं जू

बारावीनंतर चित्रकलेच्या एका प्रवेश-मुलाखतीला मी चाळीस चित्रांची जाडजूड फाइल घेऊन गेलो. गाव चामोर्शी तालुक्यातलं, पहाटेच्या एसटीने नागपूर गाठलं. फाइलमध्ये नटनट्यांचे पेन्सिलीने शेड केलेले चेहरे होते, ताडोबाचा वाघ होता आणि ठिपक्या-रेषांनी भरलेली, शिंगांतून झाडं उगवलेली हरणं होती. त्यांना मी ‘आमची गोंड चित्रं’ म्हणायचो. सगळं मोबाइलवर बघून काढलेलं. हात स्वच्छ होता, गावात कौतुकही होतं.

सरांनी हरणाच्या पानावर बोट ठेवलं. ‘‘ही चित्रं तुमच्याकडे कुठल्या घरांत काढतात?’’ मी गप्प. ती शैली मध्य प्रदेशातल्या पाटणगढच्या जनगढसिंह श्याम या परधान कलावंताने घडवली आणि १९८२ साली सुरू झालेल्या भोपाळच्या भारत भवनमुळे ती जगापुढे आली, हे मला फार उशिरा कळलं. मी गडचिरोलीचा म्हणून ती आपोआप माझी होत नव्हती.

मग त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. ‘‘बैलबंडीचं जू बंडीला कसं बांधतात, तेवढं काढून दाखवा.’’ लहानपणापासून बाबांच्या बंडीत बसलेला मी. दोन बैलांच्या मानेवर एक आडवी रेघ ओढली आणि हात थांबला. दोर कुठून येतो, गाठ कुठे बसते, मला माहीतच नव्हतं. प्रवेश मिळाला नाही.

चूक मुलाखतीत झाली नव्हती, ती आठवीपासून होत आली होती. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा मी दिल्या, चांगली श्रेणीही मिळवली. इंटरमिजिएटच्या अ श्रेणीला दहावीत ७ वाढीव गुण, ब ला ५, क ला ३. घरच्यांचं आणि माझंही लक्ष तेवढ्यावरच. स्मरणचित्रासाठी ‘बाजार’, ‘बसस्टॉप’, ‘पाणवठा’ असे तीन देखावे पाठ केले होते. कुठलाही विषय आला तरी त्यातलीच माणसं उचलून ठेवायची. संकल्पचित्राचंही तसंच, गाइडमधली फुलपाखरं. बीएफएच्या राज्य सीईटीतही वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र असतं. पाठांतरावर तिथे काही काळ तगता येतं; फाइल उघडून बोलायची वेळ आली की नाही.

म्हणून आठवी-नववीतल्या पोरापोरींना माझं कळकळीचं सांगणं आहे की फोटोवरून काढणं दोन वर्षं बाजूला ठेवा. साध्या कागदाची वही शिवून घ्या, रोज एक पान, खाली तारीख. उन्हाळ्यात अंगणात वाळत घातलेली मोहफुलं, तेंदूपानांचे पुडके बांधणारे हात, पावसाळ्यात रोवणीला वाकलेल्या बायांच्या पाठी. वाकलेली पाठ काढणं फार अवघड आहे. पन्नास वेळा चुकेल, चुकू द्या. ऐनाची मगरीच्या कातडीसारखी भेगाळलेली साल आणि सागाची साल शेजारी शेजारी काढा. दोन्हींतला फरक पेन्सिलीने दाखवता आला की शेडिंग वेगळं शिकावं लागत नाही. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी हातात घेऊन चारही बाजूंनी काढा.

मार्कंड्याला महाशिवरात्रीच्या गर्दीत जाऊ नका. एरवीच्या सकाळी जा. वैनगंगेकाठच्या त्या देवळांच्या भिंतींवर उभ्या-वाकलेल्या मूर्तींच्या ओळीच आहेत. ऊन सरकतं तशी त्यांच्यावरची सावली बदलते. एकच मूर्ती आठला, दहाला आणि बाराला काढा. चंद्रपूरची मुलं हेच जटपुरा दरवाजापाशी करू शकतात.

आणि झाडीपट्टी! दिवाळीनंतर वडसा भागात नाटकांचा हंगाम रंगतो. मी कितीतरी नाटकं मागच्या रांगेत गप्पा मारत पाहिली, याचं आजही वाईट वाटतं. तिथे दिव्यांच्या उजेडात हलणारी माणसं रात्रभर समोर असतात. मिनिटभरात एक आकृती पकडायची, पुढची घ्यायची. स्मरणचित्राची याहून चांगली तालीम मला ठाऊक नाही.

फाइल करताना चाळीस नको, पंधरा-वीस पुरेत. तयार चित्रासोबत त्याची कच्ची पानंही लावा. बघणाऱ्याला तुमचं डोकं कसं चालतं ते तिथेच दिसतं. नक्कल ठेवायचीच असेल तर ‘अमुकावरून’ असं खाली लिहा. चित्रांचे फोटो सावलीत, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता काढा. हे काम पावसाआधी उरका. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो, तेव्हा शेवटच्या तारखेवर भरवसा ठेवता येत नाही. आणि कागद मातीच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. माझी आठवी-नववीची सगळी चित्रं वाळवीने खाल्ली. आता पत्र्याची पेटी विटांवर ठेवलेली असते.

नागपूरहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी मी अंगणातल्या बंडीसमोर वही घेऊन बसलो. बाबा मागे येऊन उभे राहिले. ‘‘का काढून राहिला गा?’’ मी पान दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘‘दोर उलटा घेतला तू. असा ओढला तं बैलाच्या मानेले लागते.’’ मग दोर सोडून पुन्हा हळूहळू बांधून दाखवला. मी खालच्या अर्ध्या पानावर नवं जू काढलं, वरचं खोडलं नाही. पुढच्या वर्षीच्या फाइलमध्ये पहिलं पान तेच होतं.