वरून येणारा ठोका

पहाटे पावणेसहाला छतातून ठोका यायचा. त्याआधी दहा-पंधरा मिनिटं बारीक घरघर. वरच्या काकू मिक्सर लावतात आणि मग काहीतरी जड आपटतात, असं मी ठरवूनच टाकलं. दोनदा सांगून आलो, तिसऱ्यांदा आवाज चढवला. शेवटी बेडरूमला फॉल्स सीलिंग केलं. ठोका तसाच. काकू आठ दिवस गावाला गेल्या तेव्हाही तो वेळेवर आला, आणि मला अपराधी वाटू लागलं.

तो तळमजल्यावरच्या पाण्याच्या पंपाचा आवाज होता. टाकी भरून पंप थांबला की पाइपातलं पाणी मागे फिरायचं आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची झडप आपटायची. पाइप लोखंडी क्लॅम्पने थेट कॉलमला आवळलेला. आरसीसी इमारतीत कॉलम, बीम, स्लॅब एकमेकांत ओतलेले असतात. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. चांगल्या काँक्रीटमध्ये साडेतीन-चार हजार, आणि वाटेत फारसा विरतही नाही. तीन मजले चढायला त्याला सेकंदाचा 300वा भागही लागत नाही. छत आणि भिंती जवळजवळ एकदमच थरथरतात, मग दिशा कानाला कळणार कशी? सीलिंगचे पैसे वाया गेले ते यामुळेच. भिंती उघड्याच होत्या.

काकूंची माफी मागायला गेलो तेव्हा कळलं, टाचदुखीसाठी घरात घालायच्या मऊ चपला त्यांनी माझ्या तक्रारीनंतर सोडल्या होत्या. खरं तर मऊ तळामुळे पावलांचा ठोका कमीच होतो.

तेव्हा वर जाऊन बेल वाजवण्याआधी आठवडाभर वेळा लिहून ठेवा. जाड स्लॅब बोलणं बऱ्यापैकी अडवतो. बोलणं नाही पण ठोके येत असतील, तर ते काँक्रीटमधून येताहेत, आणि ते कुठल्याही मजल्यावरचे असू शकतात. वॉचमनला सांगून त्या वेळी पंप बंद ठेवून पाहा, मग लिफ्ट. कॉलमला तळहात लावा, थरथर जाणवते.

उपाय आवाज काँक्रीटमध्ये शिरतो तिथेच करायचा. आम्ही पंपाखाली रबरी पॅड घातले, क्लॅम्पमध्ये रबर, पंपाजवळ लवचीक जोड आणि स्प्रिंगचा व्हॉल्व्ह बसवला. पहिल्यांदा फरक पडला नाही, कारण पॅडमधून गेलेला बोल्ट लोखंडाला लोखंड भिडवत होता. बोल्टलाही रबरी बुश आणि वॉशर घालायला प्लंबरला सांगा, आणि समोर उभं राहून बसवून घ्या.