जनुकाचा अचूक वेध

एका मोठ्या इमारतीत शेकडो दिवे आणि शेकडो बटणे आहेत. कोणते बटण कोणत्या दिव्याचे, हे कोठेच लिहिलेले नाही. मग ते कसे ओळखाल? एक बटण बंद करायचे आणि कोणता दिवा विझला ते पाहायचे.

सजीवांच्या शरीरातही अशी बटणे असतात, असे म्हणता येईल. त्यांना जनुके म्हणतात. आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. पेशीच्या केंद्रकात डीएनए नावाचे लांब, धाग्यासारखे रेणू असतात. या धाग्याचा एक ठरावीक भाग म्हणजे एक जनुक. माणसात आणि उंदरात प्रथिने तयार करणारी जनुके वीस हजारांच्या आसपास आहेत. त्यांतील कोणते जनुक कोणते काम करते? हे शोधायचे, तर बाकीच्या जनुकांना धक्का न लावता नेमके एकच जनुक बंद करता आले पाहिजे. हे अवघड काम ज्यांनी साध्य केले, त्यांत मारिओ कापेक्की यांचे नाव मोठे आहे.

मारिओ यांचा जन्म १९३७ साली इटलीतील व्हेरोना शहरात झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मायलेकरांची ताटातूट झाली. छोटा मारिओ कधी रस्त्यावर, तर कधी अनाथालयात राहिला. मिळेल ते खाऊन त्याने दिवस काढले. शेवटी उपासमारीने आजारी पडून तो रुग्णालयात पोहोचला. युद्ध संपल्यावर आईने त्याचा शोध घेतला आणि १९४६ साली तो तिला त्या रुग्णालयात सापडला. पुढे दोघे अमेरिकेत मामाकडे गेले. नऊ वर्षांच्या मारिओला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हते आणि इंग्रजीही येत नव्हती. तरी तो जिद्दीने शिकला. १९६७ साली हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली. १९७३ पासून ते यूटा विद्यापीठात संशोधन करू लागले.

काचेच्या अतिसूक्ष्म सुईने ते पेशीच्या केंद्रकात डीएनए सोडत. तेव्हा त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. सारख्या रचनेचे डीएनएचे दोन तुकडे जवळ आले, की पेशी कधी कधी त्यांच्यातील भागांची अदलाबदल करते. मग त्यांच्या मनात विचार आला, की एखाद्या जनुकासारखाच, पण मध्येच बिघडवलेला तुकडा पेशीत सोडला तर? अदलाबदल होईल आणि मूळ जनुक बंद पडेल!

१९८० साली त्यांनी या संशोधनासाठी सरकारी अनुदान मागितले. अर्जात तीन कामे होती. तपासणाऱ्या तज्ज्ञांना दोन पसंत पडली. तिसरे, म्हणजे जनुक बदलण्याचे काम, होणे शक्य नाही, ते सोडून द्या, असा सल्ला त्यांनी दिला. कापेक्की यांच्यापुढे मोठा पेच होता. सल्ला मानला, तर कल्पना वाया जाणार. न मानला आणि अपयश आले, तर पुढचे अनुदान बंद होणार. त्यांनी धोका पत्करला. जवळजवळ सर्व पैसा त्यांनी तिसऱ्याच कामावर खर्च केला. चार वर्षांनी त्यांनी पुन्हा अर्ज केला, तेव्हा त्यांच्या हाती यश आले होते. आपला सल्ला तुम्ही मानला नाही हे बरे झाले, असे त्याच तज्ज्ञांनी त्यांना कळवले.

तरी एक अडचण होतीच. सोडलेला तुकडा पुष्कळदा भलत्याच जागी बसे. योग्य जागी बसल्याचे उदाहरण क्वचितच सापडे. ती पेशी ओळखायची कशी? कापेक्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती केली. तुकड्याच्या मध्यभागी त्यांनी एका औषधापासून पेशीला वाचवणारे जनुक जोडले आणि टोकाला दुसऱ्या औषधाने पेशी मरेल असे जनुक जोडले. तुकडा योग्य जागी बसला, तर टोक गळून पडते. मग पेशींना दोन्ही औषधे दिली. ज्यांत तुकडा शिरलाच नाही, त्या पहिल्या औषधाने मेल्या. ज्यांत तो भलत्या जागी बसला, त्यांपैकी बहुतेक दुसऱ्या औषधाने मेल्या. उरल्या त्या बहुतेक हव्या असलेल्या पेशी!

पण पेशीपासून उंदीर कसा तयार करायचा? ब्रिटनमधील मार्टिन इव्हान्स यांनी १९८१ साली उंदराच्या भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या केल्या होत्या. या पेशींत जनुक बदलून त्या दुसऱ्या भ्रूणात सोडता येत. त्यातून जन्मलेल्या उंदरांच्या पुढच्या पिढ्यांत ते जनुक पूर्ण बंद असलेले उंदीर मिळत. असे उंदीर १९८९ साली प्रथम तयार झाले. ऑलिव्हर स्मिदीज यांनीही स्वतंत्रपणे हेच तंत्र शोधले होते. १९८५ साली त्यांनी रक्तातील हिमोग्लोबिनच्या एका जनुकाचा वेध घेतला. या तिघांना २००७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हिमोग्लोबिनच्या त्याच जनुकातील एका छोट्याशा बदलामुळे सिकलसेल हा आजार होतो. आपल्या राज्यात नंदुरबार, गडचिरोली यांसारख्या जिल्ह्यांत त्याचे रुग्ण आढळतात. आता क्रिस्पर हे अधिक सोपे तंत्र आले आहे. त्यावर आधारलेल्या सिकलसेलच्या उपचाराला २०२३ साली ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. हा उपचार अजून फार महाग आहे. तो गरिबांच्या झोपडीपर्यंत पोहोचवणे, हे पुढच्या पिढीचे काम आहे. ते तुमच्यापैकीही कोणी करील!

शब्दार्थ
वेध – नेम
ताटातूट – एकमेकांपासून दूर होणे
पेच – अडचण
भ्रूण – गर्भाची पहिली अवस्था

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जनुक म्हणजे काय?
(आ) मारिओ आईला कोठे सापडला?
२. कापेक्की यांच्यापुढे कोणता पेच होता? त्यांनी काय ठरवले?
३. वाक्यात उपयोग करा : धोका पत्करणे, दिवस काढणे.