गहाण घर आणि नाताळाचे ताट

वाचनासाठी शास्त्रभाग : नहेम्या ५:१–१३, नहेम्या ८:९–१२, २ राजे ४:१–७

नहेम्याचे पुस्तक शब्बाथशाळेत बहुधा यरुशलेमेच्या तटासाठी शिकविले जाते. पाचव्या अध्यायापाशी आपण फारसे थांबत नाही. तेथे तट बांधणारी माणसेच गाऱ्हाणे घेऊन उभी आहेत. दुष्काळात धान्य मिळावे म्हणून त्यांनी शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकली, राजाचा कर भरण्यासाठी कर्ज काढले, आणि आता लेकरे दास्यात चालली आहेत. सावकार कोणी परके नव्हते, भाऊबंदच होते. नहेम्याला फार राग येतो, पण तो आधी मनाशी विचार करतो आणि मग सभा बोलावितो. शेते व घरे परत करा, आणि घेतलेला शेकडा भागही परत करा, असे तो सांगतो. हा शेकडा भाग म्हणजे दरमहा शेकडा एक, असे पुष्कळ अभ्यासक समजतात. तसे असेल तर तो वर्षाला शेकडा बारा होतो. आजच्या कर्जदाराला हा आकडा अनोळखी वाटणार नाही.

आता आठवा अध्याय पाहा. पुस्तकाचा क्रम धरला तर मध्ये काही आठवडेच गेले आहेत. तीच माणसे नियमशास्त्र ऐकून रडत आहेत, आणि त्यांना सांगितले जाते की आज शोक करू नका, मिष्टान्न खा, गोड प्या, आणि ज्यांच्या घरी काही शिजले नाही त्यांच्याकडे वाटे पाठवा. घरदार कालपरवा सुटलेले, कोठारे अजून रिकामी, तरी सण लांबणीवर टाकला गेला नाही. मात्र तो सण कर्ज काढून केला असेही कोठे लिहिलेले नाही.

सदलगा, निपाणी, चिकोडी या आमच्या भागात ‘गहाण’ या शब्दाचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. ताबेगहाण, नजरगहाण, मुदतखरेदी हे शब्द जुन्या माणसांच्या तोंडी असतात. गहाणाने माणसाचे काय होते हे महाराष्ट्राने १८७५ साली पाहिले. त्या वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. आज बहुतेक घरांची खरेदीखते सावकाराच्या पेटीत नसून बँकेच्या तिजोरीत असतात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णा-दूधगंगेच्या काठची कितीतरी घरे पडली. भिंत पुन्हा उभी करावयाची तर कर्जाशिवाय अनेकांना मार्ग नव्हता. अशा कर्जाची लाज बाळगण्याचे कारण नाही, पण ते लवकर फेडण्याची घाई मात्र असावी.

ही घाई का, ते हिशेबानेच समजते. समजा, दहा लाखांचे कर्ज शेकडा ९ दराने २० वर्षांसाठी घेतले. हप्ता महिना सुमारे ८,९९७ रुपये बसतो. पहिल्या हप्त्यातील ७,५०० रुपये व्याजातच जातात आणि मुद्दल जेमतेम १,४९७ रुपयांनी कमी होते. वीस वर्षांत व्याजच साडेअकरा लाखांच्या वर जाते. आता याच घराने दरवर्षी केवळ एक हप्ता जादा भरला, तर कर्ज साडेसोळा वर्षांच्या आसपास फिटते आणि सव्वादोन लाखांहून अधिक व्याज वाचते. ही जादा रक्कम मुद्दलात जमा करा, हप्ता तोच ठेवा व मुदत कमी करा, असे बँकेला लेखी कळवावे. हप्ता कमी करून घेतला तर व्याजाची बचत पुष्कळच घटते. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर बँकांनी मुदतपूर्व फेडीचा दंड घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्येच सांगितले आहे. पतसंस्थांचे नियम वेगळे असतात, तेथे आधी विचारून घ्यावे.

परंतु घरात हातउसने किंवा दरमहा शेकडा तीनचे खाजगी कर्ज असेल, तर बँकेला जादा हप्ता देणे हा उलटा व्यवहार होय. शेकडा तीन म्हणजे वर्षाला छत्तीस! आधी ते मिटवावे. आजारपणासाठी आणि नदीकाठच्या घराने पुरासाठी चार पैसे वेगळे ठेवावेत. दशमांश थांबवून हप्ता भरण्याचा सल्ला आम्ही देणार नाही.

आता नाताळाकडे येऊ. आमच्याकडे नाताळ ऐन गळीत हंगामात येतो. उसाचे पैसे १४ दिवसांत मिळावेत असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे, पण बिल खरोखर केव्हा हाती पडते हे ऊसवाल्यालाच विचारावे! म्हणून बिलाच्या भरवशावर दुकानात उधारी करणे धोक्याचे. दरमहा थोडे बाजूला टाकून डिसेंबरचे तूप, रवा, गूळ आधीच ठरविलेले बरे.

काही घरांत याच्या उलटही घडते. कर्ज फिटेपर्यंत सण नाही, असे वडील ठरवितात. तारा लागत नाही, करंज्या होत नाहीत, कॅरलची मंडळी आली तर दारातूनच परत जातात. मग घर मोकळे होईपर्यंत मुले मोठी होऊन गेलेली असतात. एवढ्या लहान रकमेसाठी हा तोटा फार मोठा आहे. खर्च कोठे होतो तेही नीट पाहावे. बाजारचा तयार फराळ, प्रत्येकाला दोन दोन नवे जोड, रोषणाई, दूरच्या पाहुण्यांसमोर मिरविण्याचा खटाटोप यांतच बहुतेक पैसा जातो. बांबूच्या कामट्या व रंगीत कागदाचा घरी केलेला तारा, मुलांनी मातीने रचलेली गव्हाणी, पेटी-तबल्यावरची भजने यांना किती लागते? चकल्या पाडताना सगळे घर एका चुलीभोवती बसते, आणि ते सुख बाजारच्या पुड्यात मिळत नाही. शेजाऱ्यांकडे जाणारी फराळाची ताटे मात्र कमी करू नयेत. एक पदार्थ कमी असला तरी चालेल. आठव्या अध्यायातील वाटे हेच होत. दिवाळीला त्यांच्याकडून आपल्याकडे ताट येतेच, आणि ज्या घरी यंदा मरण झाले आहे तेथे आपले ताट आधी जावे.

तिसरा शास्त्रभाग सावकाराच्या भयाने ग्रासलेल्या विधवेचा आहे. तेल वाढल्यावर अलीशा तिला क्रम सांगतो : तेल विक, कर्ज फेड, आणि उरलेल्यावर तू व तुझे मुलगे उदरनिर्वाह करा. कर्ज आधी येते हे खरे, पण मुलांचे जगणेही त्याच आज्ञेत आहे. आई तेल ओतत असताना मुले तिला भांडी आणून देत होती, हेही वर्गात दाखवावे. आपली मुलेही हिशेबात यावीत. नोव्हेंबरात एका संध्याकाळी प्रार्थनेनंतर वही उघडून किती कर्ज उरले, नाताळाला किती ठेवायचे, हे त्यांच्यासमोर बोलावे. कपडे एकच जोड का, हे ज्या मुलाला माहीत आहे ते शाळेत खाली मान घालत नाही.

शिक्षकांसाठी : मोठ्या वर्गाने वरील हप्त्याचा हिशेब फळ्यावर स्वतः करावा. पहिल्या वर्षीचे व्याज आणि दहाव्या वर्षीचे व्याज यांची तुलना करावी. लहान वर्गाने वाटा कोणाकडे न्यायचा त्या घरांची यादी करून ती पालकांस द्यावी. पालकसभेत शेवटचा हप्ता भरल्यानंतरचे कामही सांगावे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या आदेशाप्रमाणे कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ कागदपत्रे परत द्यावी लागतात. बँकेच्या दोषाने उशीर झाल्यास दर दिवशी ५,००० रुपये भरपाई आहे. कागद मोजून घ्यावेत, बेबाकीचा दाखला घ्यावा आणि उताऱ्यावर बोजाची नोंद असेल तर ती लगेच कमी करून घ्यावी.