मोबाइल पळतो, लॅपटॉप रांगतो

प्रश्न : घरी १०० एमबीपीएसचं फायबर आहे. मोबाइलवर ९० मिळतात, लॅपटॉपवर जेमतेम ३५. कंपनीकडे तक्रार करू का?
– एक वाचक, इंदापूर

उत्तर : नको. मोबाइलला ९० मिळतात म्हणजे लाइन ठणठणीत आहे. लॅपटॉपच्या वाय-फाय ‘प्रॉपर्टीज’मध्ये लिंक स्पीड बघा. तिथे ७२ असेल आणि राउटरचं ५ गिगाहर्ट्झवालं नाव यादीत दिसतच नसेल, तर दुखणं सापडलं : एका अँटेनाचं, फक्त २.४ गिगाहर्ट्झचं जुनं कार्ड. ७२ हा कागदावरचा आकडा; हातात साधारण निम्माच पडतो. ड्रायव्हर कितीही बदला, ढिम्म फरक नाही. बारामतीला जाल तेव्हा यूएसबी अडॅप्टर घ्या, खोक्यावर ‘ड्युअल बँड’ वाचूनच. मात्र ५ गिगाहर्ट्झ भिंतींना बिचकतं. घर जुन्या दगडी बांधणीचं असेल तर राउटरच लॅपटॉपच्या खोलीत हलवा. आणि तो फ्रीजमागे दडवला असेल (बहुतेक घरांत असतो!), तर आधी तिथून काढा.