तळहाताएवढी जागा

रस्त्यावरून धावणारी मोटार दिसली म्हणजे पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम तिच्या रंगाकडे, काचांकडे व झळाळणाऱ्या दिव्यांकडे जाते. ती ज्यांच्या आधारावर उभी असते, त्या चार काळ्या टायरांकडे सहसा कोणी पाहत नाही. परंतु सुमारे एक टन वजनाची ही गाडी जमिनीला केवळ चार ठिकाणी टेकलेली असते आणि त्यांतील प्रत्येक ठिकाण माणसाच्या तळहाताहून फारसे मोठे नसते. गाडी थांबवावयाची असो, वळवावयाची असो की तिचा वेग वाढवावयाचा असो, हे सारे काम त्या चार तळहातांएवढ्या जागेतच व्हावयाचे असते. आत बसलेल्या माणसांचे प्राण त्या जागेच्या हवाली केलेले असतात.

टायरचा इतिहास फार जुना नाही. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई व थंडीत ठिसूळ बने. १८३९ साली चार्ल्स गुडइयर या अमेरिकन संशोधकाला रबरात गंधक मिसळून ते तापविण्याची युक्ती सापडली आणि रबर टिकाऊ झाले. १८४५ मध्ये रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. पण त्या काळी रस्त्यांवर घोडागाड्या धावत असल्यामुळे त्याची कल्पना मागे पडली. पुढे बेलफास्ट येथे राहणारे जॉन डनलॉप नावाचे पशुवैद्य आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीला बसणारे हादरे कमी करण्याच्या खटपटीत असता त्यांनी तीच कल्पना पुन्हा शोधून काढली व १८८८ साली तिचे पेटंट घेतले. १८९५ मध्ये फ्रान्समधील मिशेलिन बंधूंनी मोटारीला असे टायर लावून ती शर्यतीत उतरविली. मुलाच्या सुखासाठी केलेली ही योजना लवकरच साऱ्या जगाच्या वाहतुकीचा आधार झाली.

टायरवरील नक्षी शोभेसाठी नसते. पावसाळ्यात रस्त्यावर साचलेले पाणी नक्षीच्या खाचांतून बाहेर फेकले जाते आणि रबर जमिनीला घट्ट धरून राहते. झिजून झिजून खाचा नाहीशा झाल्या, म्हणजे पाण्याला वाट उरत नाही. अशा टायरला ड्रायव्हर लोक 'गोटा' म्हणतात. वेगात असताना त्याच्याखाली पाण्याचा पातळ थर शिरतो, चाक त्या थरावर तरंगू लागते आणि मग ब्रेक दाबूनही गाडी थांबत नाही. दुसरा शत्रू उष्णता होय. हवा कमी असली किंवा गाडीत बेसुमार माल भरला, तर टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकतात, त्यामुळे रबर तापते, आतील थरांची पकड सुटू लागते आणि अखेरीस टायर फुटतो.

रस्त्यावरील यांत्रिक वाहनांना कायद्याने आवर घालण्याची कल्पना मोटारीहूनही जुनी आहे. वाफेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी इंग्लंडमध्ये १८६५ साली जो कायदा झाला, त्याने गाडीचा वेग गावात ताशी २ मैल व गावाबाहेर ४ मैल ठरविला आणि तिच्यापुढे लाल निशाण घेतलेला माणूस चालविणे बंधनकारक केले. हा कायदा गाडीला चालू न देण्याचाच होता, असे म्हणता येईल. गाडीने धावावे, पण माणूसही जगावा, हा विचार रुजण्यास पुढे शंभर वर्षे लागली.

तो विचार कायद्यात उतरला अमेरिकेत. १९६६ साली त्या देशात रस्त्यांवरील अपघातांत ५० हजारांहून अधिक माणसे मरण पावली. मोटारींचे कारखानदार म्हणत, "दोष गाडीचा नाही, चालविणाराचा आहे. त्याला शिक्षण द्या, दंड करा." राल्फ नेडर या तरुण वकिलाला हे पटले नाही. १९६५ मध्ये त्यांनी ग्रंथ लिहून दाखवून दिले, की पुष्कळशा गाड्यांची घडणच धोक्याची आहे. त्यांचे तोंड बंद करण्यासाठी एका बलाढ्य कंपनीने त्यांच्या मागावर गुप्तहेर ठेवले. ही गोष्ट उघडकीस आली आणि मार्च १९६६ मध्ये त्या कंपनीच्या अध्यक्षांना सेनेटच्या समितीपुढे क्षमा मागावी लागली. त्यानंतर कायद्याला फार विलंब लागला नाही. ९ सप्टेंबर १९६६ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मोटार सुरक्षेच्या कायद्यावर सही केली.

त्या कामासाठी नेमलेले पहिले प्रमुख विल्यम हॅडन हे डॉक्टर होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. साथीच्या रोगाकडे वैद्य ज्या दृष्टीने पाहतो, त्या दृष्टीने ते अपघाताकडे पाहत. हिवतापाच्या दिवसांत लोकांना नुसता उपदेश करून भागत नाही, डासांचाही बंदोबस्त करावा लागतो. तद्वतच माणसाच्या हातून चूक होणारच, हे धरून चालावे आणि त्या चुकीची शिक्षा मृत्यू ठरू नये अशी गाडी बांधावी, असे या विचाराचे सार होते.

टायरसाठी ठरविलेले पहिले मानक १ जानेवारी १९६८ पासून अमलात आले. त्यानुसार टायरचा नमुना चार प्रकारे तपासला जाई. तो चाकाच्या कडेवरून निखळतो काय, लोखंडी दांड्याने दाबले असता फाटतो काय, भाराखाली तासन्‌तास फिरविल्यास टिकतो काय आणि अतिवेगात त्याचे तुकडे होतात काय, हे पाहिले जाई. टायरच्या बाजूवर त्याचे आकारमान, तो पेलू शकेल तो भार आणि त्यात भरावयाच्या हवेच्या दाबाची कमाल मर्यादा छापणे सक्तीचे झाले. शिवाय खाचांच्या तळाशी लहान उंचवटे ठेवावे लागले. खाच १/१६ इंच, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर उरली, की हे उंचवटे नक्षीच्या बरोबरीला येतात आणि टायर बदलण्याची वेळ झाल्याचे अशिक्षित माणसालाही कळते.

परंतु नियम एकदा लिहून ठेवले म्हणजे काम संपत नाही. टायरची बनावट बदलत गेली, गाड्यांचा वेग वाढला, पण १९६८ च्या कसोट्या जवळजवळ तशाच राहिल्या. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीला ६५ लाख टायर परत मागवावे लागले. भर वेगात या टायरांचा वरचा थर सुटून गाड्या उलटत होत्या. अमेरिकेच्या सरकारी नोंदींत अशा अपघातांतील २७१ मृत्यू दाखल झाले. अन्य देशांत तसले टायर आधीच बदलून देण्यात येत होते, परंतु अमेरिकेच्या सरकारला त्याची वार्ता नव्हती. नोव्हेंबर २००० मध्ये नवा कायदा झाला. परदेशांतील दोषही कळविणे कारखानदारांवर बंधनकारक झाले, कसोट्या कडक करण्याचे ठरले आणि हवा कमी होताच चालकाला इशारा देणारे यंत्र नव्या मोटारींत असावे, असा दंडक आला. सप्टेंबर २००७ पासून तो तेथील सर्व नव्या मोटारींना लागू झाला.

भारतातही मोटारींचे कायदे १९१४, १९३९ व १९८८ साली झाले. १९८९ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे टायरच्या खाचांची खोली मोटारीसाठी किमान १.६ मिलिमीटर व मोटारसायकलीसाठी ०.८ मिलिमीटर असावी लागते. २००९ च्या आदेशाने टायरवर भारतीय मानक ब्यूरोची खूण आवश्यक ठरविली. अमेरिकेत कायदा झाला त्याच वर्षी, १९६६ मध्ये, पुण्यास वाहनांचे संशोधन व तपासणी करणारी 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' ही संस्था स्थापन झाली. असे असूनही २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. अपघातांची कारणे अनेक असतात. परंतु नियम कागदावर राहिला व टायर गोटा झाला, तर त्या नियमाचा कोणालाच उपयोग नाही.

पोटासाठी रात्रंदिवस ट्रक चालविणाऱ्या माणसाला नवा टायर महाग वाटतो, यात नवल नाही. आणखी एक खेप, आणखी एक घाट, असे म्हणत तो जुन्यावरच दिवस ढकलतो. पण त्याच घाटातून शाळेची मुले घेऊन एखादी बस येत असते. टायर मालकाचा असला, तरी त्याच्या झिजण्याचा धोका सर्वांचा असतो. म्हणूनच तो केवळ मालकाच्या मर्जीवर सोडता येत नाही. कायदा टायरवर मर्यादेची खूण उमटवू शकतो. प्रवासाला निघण्यापूर्वी क्षणभर वाकून ती खूण पाहणे मात्र माणसाच्याच हाती असते.

शब्दार्थ

हवाली करणे – सोपविणे. दंडक – नियम. मानक – ठरवून दिलेली गुणवत्तेची पातळी. कसोटी – परीक्षा. तद्वत – त्याप्रमाणे. मर्जी – इच्छा.

स्वाध्याय

१. टायरवरील नक्षीचा उपयोग पावसाळ्यात कसा होतो?
२. कारखानदारांचे म्हणणे व हॅडन यांचा विचार यांत कोणता फरक आहे?
३. १९६८ च्या कसोट्या २००० साली अपुऱ्या का ठरल्या?
४. 'टायर मालकाचा असला, तरी त्याच्या झिजण्याचा धोका सर्वांचा असतो.' हे विधान स्पष्ट करा.
५. वाक्यात उपयोग करा : दिवस ढकलणे, मागे पडणे, उघडकीस येणे.
६. घरातील किंवा शेजारच्या उभ्या वाहनाच्या टायरवर कोणकोणत्या खुणा आहेत, ते मोठ्या माणसांच्या मदतीने पाहून वहीत लिहा.